सिकलसेल : संशोधनाची थकबाकी

(अकोला येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त रूप.)



‘आनुवंशिक रोग आणि वैद्यकीय संशोधन’ हा आजचा विषय आणि त्यावर बोलणारा अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नव्हे आणि जीवशास्त्राचा विद्यार्थीही नव्हे. परंतु ज्या प्रश्नात कोणी काय दिले, कोणाला काय मिळाले आणि कोणाचे येणे अद्याप बाकी आहे, याचा हिशेब मांडावा लागतो तो प्रश्न अर्थशास्त्राचाही असतो. वऱ्हाडातील सिकलसेलचा प्रश्न असा आहे.

दुसरे कारण व्यक्तिगत आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटतो. अमरावतीत मी नुकताच शिकवू लागलो होतो. वर्गात खेड्यातून आलेला एक हुशार मुलगा होता. पण महिन्यातले आठ-दहा दिवस तो गैरहजर असे. विचारले की म्हणे, ‘सर, हातपाय ठणकतात.’ हिवाळ्यात हे अधिक होई. त्याच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती, ती मला दिसत होती. मी या सर्वांचा अर्थ आळस असा लावला. वर्षअखेर त्याची हजेरी भरली नाही, तेव्हा परीक्षेच्या अर्जावर सही करण्याचे मी नाकारले. नियम माझ्या बाजूने होता. तो पुन्हा महाविद्यालयात आला नाही. दहा-बारा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ भेटला, तेव्हा समजले की त्याला सिकलसेल होता, निदान फार उशिरा झाले आणि तिशी गाठण्यापूर्वीच तो गेला. माझ्या अज्ञानाची किंमत मला पडली नाही. ती त्याने मोजली. आज मी जे बोलणार आहे ते त्या देण्याचा एक हप्ता समजा.

हा रोग आहे तरी काय? आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या आणि लवचिक असतात. केसाहून बारीक अशा वाहिन्यांतूनही त्या अंग चोरून पुढे जातात. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन या पेशींत असते. त्यातील एका प्रथिनसाखळीत १४६ दुवे आहेत. सिकलसेलच्या रुग्णात त्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो. एवढ्याशा फरकाने, प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दांडे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी वाहिनीत अडकल्या की पुढचा रक्तप्रवाह तुंबतो आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्तक्षय आणि डोळ्यांची ती पिवळी झाक. पुढे प्लीहा निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

हा रोग संसर्गाने होत नाही. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात : एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक ठरते. वाहक हा रोगी नव्हे. सर्वसाधारणपणे त्याचे आयुष्य इतरांसारखेच असते. दोन्ही प्रती सदोष असतील तर रोग होतो. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. येथे ‘प्रत्येक’ या शब्दावर मी जोर देतो. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील, असा गैरसमज ठिकठिकाणी आढळतो. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

आता या ज्ञानाचा इतिहास पाहू, कारण आपला हिशेब तेथूनच सुरू होतो. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला कृष्णवर्णीय तरुण होता. म्हणजे तोही विद्यार्थीच. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ‘रेणूचा रोग’ असल्याचे दाखविले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी तो एक बदललेला दुवा नेमका शोधून काढला. मानवी रोगाचे मूळ एका रेणूतील दोषापर्यंत नेऊन भिडविण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पुढे जनुकशास्त्राने जी झेप घेतली तिच्या पायथ्याशी हे संशोधन आहे, आणि त्या संशोधनासाठी रक्त दिले ते बव्हंशी गरीब, कृष्णवर्णीय माणसांनी.

आपल्या देशात १९५२ साली लेमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत ही पेशी सापडली. १९५८ साली नागपूरचे शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचे आपले निरीक्षण ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यानंतर विदर्भातील कितीतरी वस्त्यांतून रक्ताचे नमुने गोळा झाले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१९ साली ‘पद्मश्री’ मिळाली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांनी नोंदविले आहे. विदर्भातील बौद्ध समाजातही हे प्रमाण मोठे आहे आणि इतर मागास जातींतही वाहक आढळले आहेत.

येथे एक लहानशी गोष्ट नमूद करतो. १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी बुद्धधम्म स्वीकारला आणि जुन्या जातीचे नाव टाकून दिले. त्यानंतरही कितीतरी वर्षे शास्त्रीय निबंधांच्या तक्त्यांत ते जुनेच नाव छापले जात राहिले. माणसाने धर्म बदलला, पण त्याच्या रक्ताच्या नळीवरची चिठ्ठी बदलली नाही. संशोधकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण रक्त देणाऱ्याला काय म्हणावे हेदेखील त्याला विचारले गेले नाही, ही नोंद आपल्या खतावणीत असली पाहिजे.

मग हे जनुक याच लोकांत अधिक का? याचे उत्तर हिवतापात आहे. साम्यवादी विचारांचे ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराविषयी अशी उपपत्ती मांडली की, त्याच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले की, सिकलसेलच्या वाहकांना मारक हिवतापापासून खरोखरच बचाव मिळतो. म्हणजे काय? तर हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या जे तगून राहिले त्यांच्या रक्तात हे जनुक टिकले. एक प्रत मिळाली तर जीव वाचे, दोन मिळाल्या तर जीव धोक्यात येई. मेळघाटातील कोरकू माणसाच्या रक्तात हे जनुक सापडते ते त्याच्या वंशाचे न्यून नव्हे, त्याच्या पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे. हे आपण वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे. कारण ‘त्यांच्या रक्तातच दोष आहे’ हे वाक्य फार जुने आहे, आणि आता त्याला शास्त्राची झूल पांघरण्याचा मोह पुष्कळांना होईल.

जनुक हिवतापामुळे वाढले. पण ते त्या त्या गटात कोंडून राहिले ते कशामुळे? याचे उत्तर वैद्यकात नाही, समाजशास्त्रात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की, गटांतर्गत विवाह हेच जातीचे मर्म आहे. जवळजवळ एका शतकाने, २०१३ साली, हैदराबादची पेशी व रेणू जीवशास्त्र संस्था आणि अमेरिकेतील संशोधक यांच्या संयुक्त अभ्यासाने दाखविले की, भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांची सरमिसळ साधारणतः ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाली आणि त्यानंतर बहुतेक गटांत ती थांबली. जातीने विवाहाला कुंपण घातले आणि त्याबरोबर जनुकांनाही.

थोडे अंकगणित करू. समजा, एखाद्या समाजगटात पाचांत एक वाहक आहे आणि सारे विवाह त्याच गटात होतात. मग पंचवीस जोडप्यांत एका जोडप्यातील दोघेही वाहक असतील आणि जन्मणाऱ्या शंभर मुलांत एक रुग्ण असेल. आता समजा, त्याच गटातील तरुण-तरुणींचे विवाह जेथे शंभरात एकच वाहक आहे अशा समाजात होऊ लागले. मग दोन हजार मुलांत एक रुग्ण निघेल. औषधाचा एक थेंब न देता रोगाचे प्रमाण विसाव्या हिश्शावर आले! जातिनिर्मूलनाला याहून शास्त्रीय आधार कोणता हवा? आणि हे केवळ दलित-आदिवासींपुरते नाही. सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत. आंध्रातील वैश्य समाजात असा एक आनुवंशिक दोष आढळतो की, शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिलेल्या एका औषधाचा अंमल लवकर उतरतच नाही. जनुक श्रेष्ठ-कनिष्ठ ओळखत नाही. ज्याने कुंपण घातले, तोही त्या कुंपणाच्या आतच आहे.

आता उपचाराकडे वळू. येथे मी माझ्या शास्त्राच्या हद्दीत येतो.

हायड्रॉक्सियुरिया नावाचे एक औषध आहे. ते रासायनिक पदार्थ म्हणून १८६९ साली जर्मनीत प्रथम तयार झाले. गर्भावस्थेत आपल्या शरीरात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते, त्यात हा दोष नसतो. म्हणूनच सिकलसेलचे मूल पहिले काही महिने ठीक दिसते. हे औषध त्या गर्भकालीन हिमोग्लोबिनाचे प्रमाण वाढविते. १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्याने वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाले. २०१२ साली नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही आपल्या मुलांना लाभ होतो. भारतीय प्रकारचा रोग सौम्य असतो असे एक मत फार काळ प्रचलित होते. पण विदर्भातील डॉक्टरांचा अनुभव असा की, सरासरीच्या आड पुष्कळ मुले तीव्र वेदना सोसत असतात. हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यावयाचे असते. त्याच्यावर आता कोणाची मक्तेदारी नाही, ते स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. याच्या जोडीला फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि लसी. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्यास घातक संसर्ग कितीतरी कमी होतात, हे तर १९८६ सालीच सिद्ध झाले आहे.

दुसऱ्या टोकाला काय आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या जनुकोपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांतील जनुकांत नेमका फेरफार करून त्या परत शरीरात सोडतात. मानवी बुद्धीचा हा मोठा विजय आहे आणि आपण त्याचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे. परंतु अमेरिकेत त्याची जाहीर किंमत आहे २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांहून अधिक. हायड्रॉक्सियुरियाचा खर्च दिवसाला दहा रुपये धरला, तर या एका उपचाराच्या किमतीत सुमारे ४९ हजार रुग्णांना वर्षभर औषध मिळेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने ‘बिरसा १०१’ या नावाचा स्वदेशी जनुकोपचार जाहीर केला आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रश्न असा की, जनतेच्या पैशाने, जनतेच्या रक्तावर झालेले हे संशोधन शेवटी जनतेला कोणत्या दराने मिळणार? बिरसाचे नाव घेतले की बिरसाच्या लोकांचा हक्कही मान्य करावा लागतो. त्याची किंमत बाजार ठरविणार की लोकनियुक्त सरकार, हे उपचार दवाखान्यात येण्यापूर्वीच विचारले पाहिजे.

स्वस्त औषधाचे दुर्दैव वेगळेच आहे. ज्यावर नफा नाही, ते विकण्यासाठी कोणताही प्रतिनिधी दवाखान्याची पायरी चढत नाही. ज्या कामात नफा नाही आणि जे केल्यावाचून लोक जगत नाहीत, ते शासनाने करावयाचे असते. समाजवादाचा हा पहिला धडा आहे.

शासन काहीच करीत नाही, असे मी म्हणणार नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन करावयाचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि २ लाखांहून अधिक रुग्ण आढळले. काम मोठे आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. बोट टोचून घेतलेल्या माणसाला पुढचे बारा महिने न चुकता औषध मिळाले का, हा आकडा आपण मागितला पाहिजे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे. घाटातून येण्यात मजुराचा एक दिवस बुडतो, परत जाण्यात दुसरा. औषध फुकट असले तरी ते आणायला जाणे फुकट नसते.

‘निर्मूलन’ या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. निर्मूलन रोगाचे, रोग्याचे नव्हे. अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. १९७० नंतर ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. १९७२ साली मुंबईत ज्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन दलित पँथर उभी राहिली, तेच हे लोक; पण त्यांच्या या कामाची ओळख आपल्याकडे फारशी झाली नाही. त्याच १९७२ साली अमेरिकी सरकारनेही कायदा केला. काही राज्यांनी तर तपासणी सक्तीची केली. परिणाम काय झाला? नीट समजावून न सांगितल्याने वाहकालाच रोगी समजले गेले. कोणाचा विमा नाकारला गेला, कोणाची नोकरी. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला.

आपल्याकडे विवाहापूर्वी कार्ड जुळवून पाहा, असे सांगितले जाते. सल्ला म्हणून ते योग्यच आहे. दोन वाहकांना धोका समजला पाहिजे, आणि त्यांनी विवाह करायचे ठरविले तर गर्भजल-परीक्षेसारखी सोयही मिळाली पाहिजे. पण पत्रिकेतल्या मंगळाची जागा हे कार्ड घेऊ लागले तर? मग सोसावे लागेल मुलीलाच. मुलगा वाहक असेल तर ते झाकले जाईल, मुलगी वाहक असेल तर तिचे लग्न मोडेल. मूल आजारी निघाले तर दोष आईच्या माथी येईल. चारात एक या हिशेबात आईचा वाटा जेवढा, तेवढाच बापाचा असतो, हे प्रत्येक बैठकीत बोलले पाहिजे.

आणखी एक थकबाकी कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. परंतु त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणासाठी जे प्रकार गणले आहेत, त्यांत रक्तविकार नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र मिळेल, नोकरीतील राखीव जागा नाही. ज्याला मैलभर चालले की झटका येतो, त्याने शेतमजुरी करावी की काय?

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? मी पाच कामे सुचवितो. एक : आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक आम्ल आज शिल्लक आहे का, हे दर महिन्याला विचारा आणि वहीत लिहा. दोन : जन्मतःच तपासणी व्हावी आणि औषध रुग्णाच्या गावापर्यंत पोहोचावे, यासाठी जिल्हा परिषदेत प्रश्न मांडा, ते पोहोचविणाऱ्या आशाताईला त्या कामाचा मोबदला मागा. तीन : शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना हा रोग समजावून सांगा. वारंवार गैरहजर राहणाऱ्या, ठणक्याची तक्रार करणाऱ्या मुलाला तपासणीला पाठवा, हजेरीच्या नियमात सवलत मागा. चार : कलम ३४ मधील दुरुस्तीसाठी सह्या गोळा करा. पाच : आंतरजातीय विवाहाच्या प्रचारात हे अंकगणितही सांगा.

यांतील एकाही कामाला नव्या शोधाची आवश्यकता नाही. शास्त्राने आपला हप्ता बराचसा फेडला आहे. आता बाकी आहे ती समाजाची. रोग जनुकातून येतो हे खरे. पण सिकलसेलचे मूल सहाव्या वर्षी दगावते की साठाव्या वर्षापर्यंत पोहोचते, हे पुष्कळसे रस्ता, दवाखाना, मजुरी आणि शिक्षकाचे ज्ञान यांवर अवलंबून असते.

तो मुलगा आज असता तर पन्नाशी ओलांडून गेला असता. त्या अर्जावर करायची राहिलेली सही मला आता करता येत नाही. आपण मात्र उद्या आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन औषधाची चौकशी करू शकता. ती करा, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.